नदीपलीकडचा डान्स क्लास

कानात इयरफोन, हातात चहा, नाहीतर लोकलमध्ये एका पायावर उभे, जिथे असाल तिथे स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.

आजची गोष्ट एका गाण्यापासून सुरू करू. २०११, 'रा.वन', 'छम्मक छल्लो'. मी तेव्हा आठवीत होतो. त्या वर्षी आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये तीन वर्गांनी याच गाण्यावर डान्स बसवला, आणि शेवटी बाईंना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. गाणारा कोण, तर एकॉन. अमेरिकन गायक, आणि हिंदी शब्द असे म्हणतोय की आपल्याला हसूही येतंय आणि आवडतंयही.

आता हा एकॉन कुठला? १९७३ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जन्मला. आईवडील पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचे. वडील मोर थिआम हे जेंबे वाजवणारे नावाजलेले तालवादक. जेंबे म्हणजे हाताने वाजवायचा उभा ढोल. आणि इथे मला प्रश्न पडला. सेनेगलमधला एक वादक १९६८ साली अमेरिकेच्या ऐन मध्यभागी, समुद्रापासून शेकडो मैल आत, काय करत होता? न्यूयॉर्क समजू शकतो, पॅरिस समजू शकतो. पण इथे?

उत्तर असं आहे, की एका डान्स टीचरने त्यांना तिथे नेलं होतं. मुलांना ढोल शिकवायला.

त्या बाईंचं नाव कॅथरीन डनहॅम. आणि हा एपिसोड मला का करावासा वाटला ते आधी सांगतो, कारण त्यात थोडी लाजही आहे.

२०२२ मध्ये कंपनीने मला सहा महिने सेंट लुइसला ऑनसाइट पाठवलं होतं. शहर मिसिसिपी नदीच्या काठी. अलीकडे मिझुरी राज्य, ती चकचकीत स्टीलची प्रचंड कमान, बेसबॉलचं स्टेडियम. पलीकडे इलिनॉय राज्य, आणि नदीला लागूनच ईस्ट सेंट लुइस नावाचं वेगळं गाव. मध्ये १८७४ साली बांधलेला पूल, ज्याच्यावरून आज ट्रेनही जाते. दोन-चार मिनिटांचा प्रवास. पहिल्याच आठवड्यात टीममधल्या एकाने मला सांगितलं, पुलापलीकडे जाऊ नकोस. मी 'का?' असंही विचारलं नाही. 'त्या वस्तीकडे जाऊ नको' हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते अमेरिकन इंग्रजीत ऐकलं तरी लगेच समजतं. सहा महिन्यांत त्या कमानीचे मी शंभर तरी फोटो काढले असतील. पूल एकदाही ओलांडला नाही.

परत आल्यावर, एकॉनच्या वडिलांबद्दल वाचता वाचता कळलं की मी ज्या गावाकडे पाठ करून सेल्फी काढत होतो, तिथे विसाव्या शतकातली एक मोठी नृत्यांगना येऊन राहिली होती. नाईलाजाने नव्हे हं, स्वतःहून. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

चला, मागे जाऊ.

कॅथरीन डनहॅमचा जन्म २२ जून १९०९ चा, शिकागोचा. आई लहानपणीच गेली. मोठा भाऊ अल्बर्ट हुशार, तो शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेला आणि त्याच्या पाठोपाठ ही. तिने विषय घेतला मानववंशशास्त्र. आणि विद्यापीठाबाहेर ती नाच शिकत होती, शिकवत होती. एक काळी मुलगी १९३० च्या आसपास बॅले शिकायचं म्हणते, याचं अमेरिकेत तेव्हा लोकांना हसू यायचं. काळ्यांनी टॅप करावं, कॉमेडी करावी, बॅले त्यांच्या शरीराला झेपत नाही, असं लोक अगदी शास्त्रीय सत्य असल्यासारखं सांगायचे.

डनहॅमच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. तिला वाटलं, आपले आफ्रिकन पूर्वज गुलाम म्हणून जहाजांतून आणले गेले, त्यांच्याकडून भाषा गेली, नावं गेली, पण नाच पूर्ण गेला नसणार. अमेरिकेत तो दबला असेल, कॅरिबियन बेटांवर शिल्लक असेल. तिथे जाऊन तो बघायला हवा.

त्यासाठी पैसे हवेत. काळ्या लोकांच्या शिक्षणाला मदत करणारी रोझेनवाल्ड फंड नावाची संस्था होती. तिथल्या मुलाखतीचा किस्सा फार प्रसिद्ध आहे. समोर मोठमोठे विद्वान बसलेत. तुला नेमका कसला अभ्यास करायचाय, असा प्रश्न आला. या बाईंनी अंगावरचा फॉर्मल सूट उतरवला, आत नाचाचे कपडे होतेच, आणि नाचूनच दाखवलं. शाळांमध्ये काय शिकवतात ते आधी, मग आफ्रिकन वळणाचं. फरक डोळ्यांसमोर. ग्रँट मिळाली. आम्ही क्लायंटला चाळीस स्लाइड दाखवून जे पटवू शकत नाही, ते तिने लाइव्ह डेमो देऊन पटवलं.

१९३५-३६ मध्ये ती जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती या बेटांवर फिरली. जमैकात पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांचं ॲकाँपाँग नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथे राहिली. हैतीत तर तिथल्या धर्मविधींमध्ये तिने दीक्षाच घेतली. आणि तिथे तिला एक गोष्ट दिसली, जी पुढे आयुष्यभर तिच्या कामाचा पाया झाली. या गावांमध्ये नाच हा 'कार्यक्रम' नसतो. जन्म, मरण, लग्न, शेती, आजारपण, देव अंगात येणं, सगळ्यात नाच आहे. म्हणजे एखादा नाच 'कसा' दिसतो एवढं बघून चालत नाही, तो त्या समाजात 'काय काम करतो' हेही बघावं लागतं. रूप आणि कार्य. आपल्या भाषेत सांगायचं तर नुसता इंटरफेस बघू नका, फंक्शन काय आहे ते बघा.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. वारीतली पावली, मंगळागौरीच्या फुगड्या, जागरण-गोंधळ, हे स्टेजवर आणलं की 'आयटम' होतो. मूळ जागी त्याचं काम वेगळं असतं.

परत आल्यावर तिच्यासमोर आपल्या सगळ्यांना पडतो तोच प्रश्न उभा राहिला. प्राध्यापक व्हायचं की आवडीचं करायचं? तिने नाच निवडला. पण अभ्यास सोडून दिला असं नाही, तो नाचात ओतला. स्वतःची कंपनी काढली, ब्रॉडवेवर, हॉलिवूडच्या चित्रपटांत काम केलं, पन्नासहून अधिक देशांत दौरे केले. तिने एक तंत्र तयार केलं, ते आजही 'डनहॅम टेक्निक' म्हणून शिकवतात. बॅलेची शिस्त, आफ्रिकन-कॅरिबियन ताल, आणि मान, खांदे, छाती, कंबर हे भाग एकेक सुटे हलवणं. तुमच्यापैकी कुणी जॅझ किंवा हिप-हॉपच्या क्लासला गेला असाल तर वॉर्म-अपला 'आयसोलेशन' करून घेतात, आठवलं? ते इतकं रुळण्यात या बाईंचा मोठा वाटा आहे.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिने शाळा काढली. नाच तर होताच, पण अभ्यासक्रमात ढोल, भाषा, नाटक, मानववंशशास्त्रही. गोरी, काळी, सगळी मुलं एकाच वर्गात. अर्था किट तिथून पुढे आली. मार्लन ब्रँडो तिथे यायचा. आणि लॉस एंजेलिसमध्ये तिचा प्रयोग बघून भारावलेला एक शाळकरी मुलगा पुढे अमेरिकेतला फार मोठा नृत्यदिग्दर्शक झाला, त्याचं नाव ॲल्विन एली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही बाई काही फक्त गोड गोड कला करत नव्हती. १९४४ साली लुइव्हिल शहरात प्रयोग होता. काळ्या प्रेक्षकांना वेगळं, वर बाल्कनीत बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर तिने रंगमंचावरूनच सांगितलं, की सगळे शेजारी शेजारी बसू शकतील तोपर्यंत मी इथे परत येणार नाही. १९५० मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत एका हॉटेलने तिला काळी म्हणून खोली नाकारली. तिने गाजावाजा केला, आणि पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये वंशभेदाविरुद्ध कायदा झाला. १९५१ च्या सुमारास चिलीमध्ये तिने 'साउथलँड' नावाची नृत्यरचना सादर केली, विषय होता काळ्या माणसाला जमावाने झाडाला लटकवून मारणं. अमेरिकन दूतावासाला हे अजिबात आवडलं नाही. सरकार तेव्हा इतर कलाकारांचे परदेश दौरे पैसे देऊन करवत होतं, हिच्या कंपनीला तो पाठिंबा मिळाला नाही. एवढी मोठी कंपनी स्वतःच्या कमाईवर ओढायची म्हणजे कर्ज आलंच. साठच्या दशकात कंपनी बंद पडली.

इथे साधारणपणे चरित्र संपतं. कलाकार मोठा होता, काळ कठीण होता, वगैरे. पण आपली गोष्ट इथे सुरू होते.

१९६४ मध्ये सदर्न इलिनॉय विद्यापीठाने तिला निवासी कलाकार म्हणून बोलावलं. मधल्या काळात ती सेनेगलला गेली, तिथल्या सरकारची सल्लागार म्हणून. १९६६ साली डाकारमध्ये जगभरच्या काळ्या कलावंतांचा मोठा महोत्सव झाला, त्यातही ती होती. परत आली आणि तिचं लक्ष ईस्ट सेंट लुइसवर गेलं.

हे गाव काय होतं ते सांगतो. रेल्वेचं मोठं जंक्शन, कत्तलखाने, ॲल्युमिनियमचा कारखाना. दक्षिणेतून काळे मजूर कामासाठी येत होते. १९१७ च्या जुलैमध्ये इथे गोऱ्या जमावाने काळ्या वस्तीवर हल्ला केला, घरं पेटवली. सरकारी आकडा ३९ काळे आणि ९ गोरे मृत असा आहे, पण खरा आकडा शंभराच्या वर होता असं अनेक अभ्यासक मानतात. तरीही गाव वाढलं. १९५० मध्ये लोकसंख्या ८२ हजार. जॅझमधला देवमाणूस माइल्स डेव्हिस याच गावात वाढला. मग कारखाने गेले, रेल्वेचं काम गेलं, ज्यांना जाता येत होतं ते गोरे लोक गेले, आणि त्यांच्याबरोबर कर भरणारे गेले. उरली ती बेरोजगार तरुण मुलं आणि टोळ्या. १९६७ चा तो उन्हाळा म्हणजे नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरं पेटलेली.

अशा वेळी ही जगप्रसिद्ध बाई तिथे आली. एका संध्याकाळी तिच्या ओळखीच्या पोरांना पोलिसांनी उचललं. ती जाब विचारायला ठाण्यात गेली, तर पोलिसांनी तिलाच आत टाकलं. मेट्रोपॉलिटन ऑपेराचं नृत्यदिग्दर्शन करून आलेली बाई ईस्ट सेंट लुइसच्या लॉकअपमध्ये! पण मोहल्ल्यातल्या पोरांच्या नजरेत त्या एका प्रसंगाने जे झालं, ते दहा भाषणांनी झालं नसतं.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या छत्राखाली तिने परफॉर्मिंग आर्ट्स ट्रेनिंग सेंटर सुरू केलं. आता विचार करा, टोळीतल्या अठरा वर्षांच्या पोराला तुम्ही सांगणार, 'ये, बॅले शीक'? तो येईल? तिने सुरुवात केली कराटे-ज्युडोने आणि ढोलाने. पुण्यात, नाशकात ज्यांनी ढोल-ताशा पथकात ढोल बांधलाय त्यांना हे वेगळं समजावायला नको. कॉलेजात बाकावर न टिकणारा पोरगा पथकाच्या सरावाला दोन महिने रोज वेळेवर येतो, आणि ठोका चुकला की स्वतःच मान खाली घालतो. तालाला आळस चालत नाही, आणि एकट्याची मस्तीही चालत नाही.

त्या ढोलासाठी तिने सेनेगलहून मोर थिआमना आणलं. म्हणजे जहाजातून जे तोडून आणलं होतं, त्याचा धागा तीनशे वर्षांनी विमानाने परत जोडला. ढोलासाठी आलेल्या मुलाला हळूहळू नाच, नाटक, आफ्रिकेचा इतिहास, भाषा अशी ओढत न्यायची पद्धत. लहान मुलांचे वर्ग वेगळे. १९७० मध्ये वॉशिंग्टनला मुलांच्या प्रश्नावर व्हाइट हाउसची परिषद भरली, तिथे ती आपल्या गावची मुलं घेऊन गेली.

माझ्या मते ती इथे तोच हैतीतला प्रश्न विचारत होती. टोळी या मुलांच्या आयुष्यात काय काम करते? नाव देते, कपडे देते, भाऊ देते, आत येण्याचा एक विधी देते. मग माझ्या क्लासने हे सगळं दिलं पाहिजे, नाहीतर मुलं तिकडेच जाणार. 'मुलांना चांगल्या मार्गाला लावा' हे सगळेच म्हणतात. वाईट मार्ग मुलांना काय देतो, हे फार थोडे लोक विचारतात.

आता इंजिनियर मंडळींसाठी एक जोडगोष्ट. त्याच विद्यापीठात बकमिन्स्टर फुलर शिकवत होते. घुमटाकार रचनांचे ते जगप्रसिद्ध गुरू. डनहॅमच त्यांच्याकडे गेली, की या गावासाठी काहीतरी करा. १९७१ मध्ये त्यांनी एक आराखडा केला, सव्वा लाख लोक राहतील अशी एकच वर्तुळाकार वस्ती, वर जवळपास मैलभर रुंद पारदर्शक घुमट. तेव्हा गावाची लोकसंख्या होती सुमारे ७० हजार. मला ते चित्र बघून वेडच लागलं होतं. अर्थात त्यातली एकही वीट लागली नाही. आणि डान्स क्लास मात्र चालू राहिला, कारण त्याला लागत होती एक खोली, एक ढोल, आणि रोज येणारी एक बाई. फुलरना मी हसत नाहीये. मला स्वतःला घुमटच आवडतात. ऑफिसात आम्हीही घुमटच काढत असतो. पण लोकांचं काम बहुतेक वेळा त्या रोज येणाऱ्या बाईवर चालतं, आणि ती कुठल्याही आराखड्यात दिसत नाही.

मग शेवटी प्रश्न येतोच, उपयोग काय झाला? हा प्रश्न टाळायचा नाही. ईस्ट सेंट लुइस सुधारलं का? नाही. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेअठरा हजारांच्या आसपास आहे, १९५० च्या पाव हिश्श्याहून कमी. गरिबी गेली नाही. १९७७ मध्ये तिने तिथे एक संग्रहालय उघडलं, जगभरातून जमवलेले मुखवटे, वाद्यं, वेशभूषा ठेवून. त्यालाही पैशाची चणचण कायम. म्हातारपणी तिला स्वतःलाही होती. डॅशबोर्डवर टाकलं तर हा प्रोजेक्ट लाल रंगात दिसेल.

मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, आपण नाचाच्या क्लासवर कारखान्याचं ओझं टाकतोय. कारखाने नाचामुळे गेले नव्हते, मग नाचामुळे परत कसे येतील? त्या बाईने कधी रोजगाराचं वचन दिलं नव्हतं. तिचा शब्द होता कलेतून सामाजिकीकरण. म्हणजे माणसाला माणसांत आणणं. आधी स्वतःकडे नीट बघायला शिकणं, मग स्वतःपासून थोडं लांब होऊन बघणं, मग योग्य-अयोग्य निवडणं. ही तिच्या शिक्षणाची तीन सूत्रं. यातलं काहीच जनगणनेत मोजत नाहीत. पण ज्या मुलाच्या आयुष्यात हे झालं, त्याला विचारलं तर तो 'उपयोग काय' असं म्हणणार नाही. आणि तो मुलगा नंतर गाव सोडून दुसरीकडे शिकवायला गेला, तर गावाचा आकडा एकाने कमीच होतो!

तिने स्वतः हे कसं जगून दाखवलं ते सांगून थांबतो. १९९१ मध्ये हैतीत लष्कराने सत्ता बळकावली. लोक होड्यांतून अमेरिकेकडे निघाले, आणि अमेरिका त्यांना परत पाठवू लागली. १९९२ च्या फेब्रुवारीत डनहॅमने उपोषण सुरू केलं. कुठे, तर ईस्ट सेंट लुइसच्या आपल्या घरी. वय ८२. ४७ दिवस. शेवटी हैतीचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड स्वतः भेटायला आले आणि त्यांच्या विनंतीवरून तिने उपोषण सोडलं. जे गाव टाळायला मला सांगितलं होतं, तिथे एका देशाचे राष्ट्राध्यक्ष आले होते. एका डान्स टीचरला जेवायची विनंती करायला.

२१ मे २००६ रोजी, सत्त्याण्णवावा वाढदिवस महिन्याभरावर असताना, न्यूयॉर्कमध्ये ती गेली.

मंडळी, आमच्या कॉलनीतही एक क्लास होता. मंदिरामागच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार. फी किती ते आठवत नाही, कारण ज्यांना जमायचं नाही त्यांच्याकडून ताई घेतच नव्हत्या. आम्ही मुलं बाहेरून खिडकीतून चिडवायचो. त्यातल्याच दोघांना त्यांनी एकदा आत ओढलं, 'नुसतं हसू नका, ताल धरा' म्हणून. त्यातला एक मी. नाच मला आला नाही, पण लेझीम पथकात तीन वर्षं टिकलो, आणि ऑफिसात अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलायची भीती तिथेच गेली. हे मी ताईंना कधी सांगितलंच नाही. हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी फोन केला. म्हणाल्या, "अरे, गुडघे दुखतात, पण क्लास चालू आहे. ये की कधी."

या वेळी जाणार आहे. पुढच्या वेळी सेंट लुइसला गेलो तर पूलही ओलांडणार आहे.

तुमच्या गल्लीतही अशी कुणीतरी ताई किंवा सर असतील. आजच फोन करा. आणि काय बोलणं झालं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, एक मिनिटाच्या आत! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या.